गच्चीची किल्ली

गेल्या महिन्यात जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाकडून एक पत्र आलं. "आपल्या महाविद्यालयात अत्याधुनिक हॅम रेडिओ केंद्र उभारण्याचा मानस असून माजी विद्यार्थ्यांनी सढळ हस्ते मदत करावी" वगैरे वगैरे. सोबत कोटेशन. एकूण आकडा पाच लाखांच्या वर. आता आम्ही इंजिनिअर मंडळी पत्र वाचत नाही, कोटेशन वाचतो. पहिल्या ओळीत जपानी ट्रान्सीव्हर. त्याखाली पॉवर अँप्लिफायर. मग काचेची केबिन, फॉल्स सीलिंग, एसी, फिरत्या खुर्च्या, दारावर स्टीलची पाटी, उद्घाटन खर्च. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत: "अँटेना व केबल - आवश्यकतेनुसार."

रक्कम नाहीच. नुसतं आवश्यकतेनुसार!

तेव्हापासून डोकं फिरलंय ते अजून जागेवर नाही. म्हणून हा शनिवार याच विषयाला.

ज्यांना हॅम रेडिओ ही काय भानगड आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरकारी परीक्षा द्यायची, दूरसंचार खात्याचा परवाना काढायचा आणि नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर आपल्या स्वतःच्या यंत्रणेतून इतर परवानाधारकांशी बोलायचं. शेजारच्या गावातल्याशी बोला नाहीतर ब्राझीलमधल्याशी. धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत. तुमची ओळख म्हणजे व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारं एक कॉलसाइन. शाळा-कॉलेजांच्या क्लबलाही असा परवाना मिळतो. मध्ये ना मोबाईल कंपनी, ना इंटरनेट. इकडे तुमची तार, मध्ये आकाश, तिकडे त्याची तार. बस.

म्हणजे सगळा खेळ तारेचा आहे आणि तार गच्चीवर असते. माझं म्हणणं एवढंच आहे की कॉलेजच्या रेडिओ स्टेशनातली सगळ्यात महाग वस्तू रेडिओ असेल, पण सगळ्यात महत्त्वाची वस्तू गच्चीची किल्ली आहे. कॉलेजं पहिली वस्तू हौसेने विकत घेतात आणि दुसरी ऑफिसातल्या खिळ्यावरून हलू देत नाहीत. क्लब पैशाअभावी मरत नाहीत हो, या खिळ्यापायी मरतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमचाच क्लब कसा मेला ते सांगतो.

साल २००६. आमच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये एक छान ऑलमोड रेडिओ होता, कुठल्याशा अनुदानातून आलेला. लॅब असिस्टंट काका सैन्यातून सिग्नल्समध्ये नोकरी करून आलेले आणि स्वतः परवानाधारक. क्लबचा सगळा जीव म्हणजे काका. आम्ही पाच-सहा जण संध्याकाळी त्यांच्याभोवती. लॅब तळमजल्यावर, अँटेना चौथ्या मजल्याच्या वर. मध्ये तीसेक मीटर बारीक काळी केबल, आरजी-५८. रेडिओजवळ एक मीटर लावलेला. तो कायम १.७ दाखवायचा.

हा मीटर काय सांगतो? रेडिओने पाठवलेली शक्ती अँटेनाने घेतली नाही तर ती माघारी येते. किती माघारी आली त्यावरून आकडा. १ म्हणजे झकास, ३ च्या पुढे गेला तर बंद करा आणि शोधा काय बिघडलंय ते. १.७ म्हणजे चालण्यासारखं. प्रत्येक कमिटीला आम्ही तो १.७ दाखवायचो. कमिटी मान हलवायची.

फक्त एकच अडचण होती. आम्हाला कोणी ऐकायचं नाही आणि आम्हालाही फारसं कोणी ऐकू यायचं नाही.

त्या दिवसांत आपल्या डोक्यावरून हॅमसॅट जात असे. इस्रोने ५ मे २००५ ला पीएसएलव्ही-सी६ मधून कार्टोसॅट-१ बरोबर सोडलेला, खास हौशी रेडिओवाल्यांसाठीचा उपग्रह. जगभर तो व्हीओ-५२ या नावाने ओळखला जायचा आणि २०१४ च्या जुलैपर्यंत चालला. त्यावर दोन ट्रान्सपाँडर होते. एक भारतीय बनावटीचा, आणि दुसरा बनवला होता हॉलंडमधल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने. विद्यार्थ्याने! आणि इकडे आम्ही चार वर्षं अभियांत्रिकी शिकत असलेले पाच-सहा जण त्या उपग्रहाचा नुसता आवाज ऐकायला तरसत होतो. दुपारी वेळापत्रक काढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी लेक्चर बुडवून लॅबमध्ये बसायचं, दहा-बारा मिनिटं खरखर ऐकायची, की गेला उपग्रह.

शेवटी एका शनिवारी काका म्हणाले, "चला रे, रेडिओच वर नेऊ." गच्चीचं दार त्या दिवशी टाकी धुवायला उघडं होतं. यूपीएसची एक बॅटरी, रेडिओ, आणि आम्ही लाकडी पट्टीवर मीटर मीटरभर लांबीच्या अॅल्युमिनियमच्या चार काड्या ठोकून केलेली अँटेना. केबल जेमतेम दोन मीटर. एकाने अँटेना हातात धरली, एक कंपास घेऊन उभा, काका नॉबवर.

साडेदहाच्या सुमाराला उत्तरेकडून आला. आधी बीकनची शिट्टी. मग दाक्षिणात्य हेलातलं इंग्रजी, स्वच्छ: सीक्यू, सीक्यू, सीक्यू... उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना आवाजाची पट्टी सरकत जाते, रेल्वेच्या शिट्टीसारखी, म्हणून काका सारखे नॉब फिरवत होते. कोणी बोलत नव्हतं. डॉपलर परिणाम मी बारावीत पाच मार्कांसाठी पाठ केला होता. त्या दिवशी तो काकांच्या बोटांत पाहिला.

उपग्रह मावळल्यावर काकांनी क्लबची जुनी अँटेना बघायला घेतली. केबलच्या टोकाचा कनेक्टर हातात धरला तर निखळूनच आला. आतलं तांबं हिरवं झालेलं, आणि वाकडा करताच त्यातून पाणी गळलं. दोन-तीन पावसाळे पाणी पीत बसला होता. म्हणजे आमची अँटेना कित्येक महिने जोडलेलीच नव्हती!

मग मीटर १.७ का दाखवत होता? गणित सोपं आहे. एवढी लांब आणि बारीक केबल १४५ मेगाहर्ट्झला साधारण तीन-चतुर्थांश शक्ती खाते. खालून १०० पाठवले तर वर २५ पोचले. वर अँटेनाच नाही, म्हणून २५ च्या २५ माघारी. परतीच्या वाटेवर केबलने पुन्हा तीन-चतुर्थांश खाल्ले, खाली आले सहा. मीटरला वाटलं, वा, शंभरातले फक्त सहा परत आले, बाकीचे नक्कीच आकाशात गेले असणार. आणि त्याने लिहिलं १.७. उपग्रहाशी बोलायला लागते ती ४३५ मेगाहर्ट्झ. तिथे तर ही केबल २५ वॅटमधले जेमतेम दोन वॅट वर पोचू देते. वाईट केबल नुसती शक्ती खात नाही, ती खोटी साक्षही देते.

पुढे पंधरा-वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर हा प्रकार मला रोज भेटतो. डॅशबोर्ड हिरवागार, आणि ग्राहक फोनवर बोंबलतोय. तेव्हापासून मी हिरव्या दिव्याला विचारतो, बाबा तू नक्की कुठून मोजतोयस?

असो. तर आम्ही गच्चीवर हा शोध लावत असताना वॉचमन आला. मग एचओडी आले. सोमवारी काकांना मेमो आणि नोटीस बोर्डावर कागद: विद्यार्थ्यांनी गच्चीवर जाऊ नये. गच्चीला नवीन कुलूप. कनेक्टर बदलायला पंधरा मिनिटं आणि शंभर रुपये लागले असते. पण कनेक्टर गच्चीवर! तो कधीच बदलला गेला नाही. दोन वर्षांनी काका निवृत्त झाले, क्लबच्या परवान्याचं नूतनीकरण करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि रेडिओ कपाटात गेला.

आता परवाची गोष्ट. पत्र आल्यावर मी मुद्दाम कॉलेजात जाऊन आलो. तो रेडिओ अजून त्याच कपाटात आहे. त्याच्या पुढच्या बाजूला हळदकुंकवाची बोटं. दर खंडेनवमीला त्याची पूजा होते म्हणे. वीज मात्र अनेक वर्षांत दिलेली नाही.

तिथेच सेकंड इयरची एक मुलगी भेटली. तिला कळलं होतं की कोणीतरी रेडिओवाला माजी विद्यार्थी येतोय, म्हणून लेक्चर सोडून आली होती. हॉस्टेलला राहते. टीव्हीसाठी बनलेला यूएसबी डोंगल असतो ना, ज्याचा २०१२ च्या सुमारास लोकांनी स्वस्तातला सॉफ्टवेअर रेडिओ करून टाकला, तो तिने घेतलाय. खिडकीच्या गजाला वायरचे दोन तुकडे बांधून अँटेना. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतात, त्यातलं एक तिने उतरवलं होतं. मोबाईलवर दाखवलं. वरचा अर्धा भाग स्वच्छ, आणि खाली नुसत्या मुंग्या.

"इथे काय झालं?" मी विचारलं.

"सर, इथे स्टेशन मेन बिल्डिंगच्या मागे गेलं. गच्चीवरून पूर्ण आलं असतं."

जुलैत तिने गच्चीवर जाण्यासाठी अर्ज दिलाय. उत्तर असं की विषय समितीपुढे ठेवण्यात येईल. मी गेलो तेव्हा पावसाळा संपत आला होता आणि समिती बसायची होती. पाच लाखांचं कोटेशन मात्र तेवढ्या वेळात तयार झालं, छापलं गेलं, आम्हा सगळ्यांना पोचलंसुद्धा.

मी प्रिन्सिपल सरांना भेटलो. सर चांगले आहेत, मला शिकवलंय त्यांनी. म्हणालो, सर, रेडिओ नंतर घ्या, आधी या मुलांना गच्चीची किल्ली द्या. ते म्हणाले, "अरे, उद्या कोणी पडलं तर तू येणार आहेस का उत्तर द्यायला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसं गच्चीवरून पडतात. अँटेनाचा पाईप उभा करताना विजेच्या तारेला लागून माणसं मेलीत, वीज पडूनही मेलीत. पण मग उत्तर काय? लॅबमध्ये ४४० व्होल्ट आहेत, वर्कशॉपला भट्टी आहे, केमिस्ट्रीत अॅसिड आहे. तिथे आपण कुलूप लावत नाही, नियम लावतो. तसंच इथे करा. कमरेच्या वर कठडा. एकट्याने जायचं नाही, दोघं हवेतच. वहीत सही, वेळ. ढग गडगडत असतील तर कोणी वर नाही, आणि खाली केबल रेडिओपासून सोडवलेली. पाईप असा निवडायचा की आडवा पडला तरी कुठल्याही विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही. अर्थिंग नीट. या नियमांचा एक फलक गच्चीच्या दारावर लावा, स्टीलच्या पाटीचे पैसे आहेतच. इंजिनिअरिंग कॉलेजने धोक्याला कुलूप लावलं तर धोका हाताळायला मुलांनी शिकायचं कुठे? साइटवर, पहिल्या नोकरीत?

दुसरा आक्षेप ठरलेला. मोबाईलच्या जमान्यात हे कशाला? यावर कॉलेजच्या पत्रकात छापील उत्तर असतं: आपत्तीच्या काळात हॅम रेडिओ उपयोगी पडतो. खरं आहे, पण अर्धवट. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांबरोबर अंदमानात गेल्या होत्या, हौस म्हणून, जगभरच्या स्टेशनांशी बोलायला. २६ तारखेला त्सुनामी आली. हौस बाजूला ठेवून त्यांनी त्याच रेडिओवरून बेटांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवायला सुरुवात केली. हे जमलं कारण तारा आधीच टांगलेल्या होत्या, माणसं आधीपासून बोलत होती. कपाटातला रेडिओ पुराच्या दिवशी बाहेर काढून चालू होत नाही. जो क्लब दर रविवारी हवेत नसतो तो आपत्तीच्या दिवशी कुठून येणार? तेव्हा ते वाक्य छापायचंच असेल तर आधी रविवारचं बघा.

माझ्या मते खरं कारण वेगळंच आहे. आपल्याकडे प्रॅक्टिकल कसं होतं हे तुम्ही-आम्ही सगळे जाणतो. गेल्या वर्षीचं जर्नल समोर ठेवायचं, रीडिंग्ज थोडी इकडेतिकडे करायची, सबमिशन, व्हायवा, संपलं. उत्तर आधीच माहीत असतं. रेडिओवर माहीत नसतं. केबल कापली, कनेक्टर सोल्डर केला, संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर हाक मारली, आणि कोणी उत्तर देईल की नाही ते कुठल्याच जर्नलमध्ये नाही. उत्तर आलं नाही तर का आलं नाही हे शोधावं लागतं, आणि ते शोधायला गच्चीवर जावं लागतं. असं शोधणाऱ्या पोरांच्याच हातून पुढे काहीतरी घडतं. पुण्याच्या सीओईपीतल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, किलोभर वजनाचा 'स्वयम' २२ जून २०१६ ला अवकाशात गेला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' गेला. काचेच्या केबिनीतून हे होत नाही.

बरं, टीका फार झाली. पैसे कसे खर्च करावेत तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं बोलायला काय जातंय.

पहिलं म्हणजे जागा बदला. तळमजल्यावरची केबिन रद्द, वरच्या मजल्यावर जिन्याजवळची खोली घ्या. आज तिथे मोडके बाक आहेत. केबल तीस मीटरची दहा मीटर होते. ती जाड घ्या, आरजी-२१३ जातीची. १४५ मेगाहर्ट्झला फार तर पाचवा हिस्सा जाईल, तीन-चतुर्थांश नाही. शक्तिशाली अँप्लिफायर घेऊन खराब केबलमध्ये ओतणं म्हणजे फुटक्या नळाला मोठा पंप लावणं.

मग अँटेना, आणि त्या मुलांनी केलेल्या. १४ मेगाहर्ट्झचा डायपोल म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर तांब्याची तार, बाकी काही नाही. तेवढ्या तारेवर युरोप ऐकू येतो. सूर्यावरचे डाग अकरा वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होतात, आणि आत्ताचं चक्र कमाल काळात पोचल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाने जाहीर केलं. अशा काळात लांबचे पल्ले सोपे जातात. हा काळ पूर्ण ओसरण्याआधी तार टांगा, समितीची वाट बघू नका.

सगळ्या सांध्यांना स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलाच्या तळाशी गळून जातं. आणि दर मे महिन्यात, घरचा पत्रा शाकारतो तसं, सगळे सांधे उघडून बघा. आमचा क्लब या एका कामापायी गेला.

नवीन रेडिओची ऑर्डर देण्याआधी एक बॅटरीवरचा छोटा रेडिओ घेऊन कॉलेजभर फिरा. एलईडी दिव्यांचे चोक, यूपीएस, लिफ्टची मोटर, सगळे रेडिओत खरखर ओततात. कुठे किती गोंगाट आहे याचा नकाशा करा. एखादा पन्नास रुपयांचा चोक बदलून जो फरक पडेल तो लाखाच्या रेडिओनेही पडणार नाही.

आणि माणसं. क्लबचा अध्यक्ष म्हणून फायनल इयरच्या मुलाला बसवू नका, त्याचं चित्त प्लेसमेंटमध्ये. दरवर्षी पाच-सहा सेकंड इयरच्या मुलामुलींना परीक्षेला बसवा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स यावं लागत नाही. परवाना यायला वेळ लागतो, म्हणून तर आत्ता बसवा. तोवर ऐकायला शिकतील. ऐकता न येणारा ऑपरेटर काय कामाचा? त्यांनी पुढच्या वर्षीच्या मुलांना शिकवायचं. एका काकांवर क्लब उभा राहतो आणि काका गेले की बसतो, हे आम्ही करून बघितलंय.

रेडिओ सगळ्यात शेवटी. कपाटातला हळदकुंकवाचा रेडिओ आधी दुरुस्त होतो का ते बघा. मला वाटतं होईल.

तर मी संघाला उत्तर पाठवलंय. माझा वाटा देतो, आणि माझ्या बॅचच्या चौघांचाही मिळवून देतो. पण तो केबल, तार, कठडा, अर्थिंग आणि परीक्षेच्या फीसाठी. केबिन आणि उद्घाटनाला एक पैसा नाही. आणि चेक पोचण्याआधी गच्चीच्या किल्लीची एक प्रत त्या सेकंड इयरच्या मुलीच्या नावावर, वहीत सही घेऊन, दिलेली असावी. प्रत करायला तीस रुपये लागतात. ते मी वेगळे पाठवलेत, पाकिटात घालून.

अजून उत्तर आलेलं नाही. अवकाश स्थानकावरून चित्रं पुन्हा कधी येतील ते ती मुलगी बघत असेलच. तेव्हा ती खिडकीत असेल की गच्चीवर, एवढंच आता बघायचं.

तूर्तास इतकंच. ७३. (हॅम लोक निरोप घेताना असं म्हणतात. अर्थ साधा आहे, शुभेच्छा.)